सौम्य प्रक्षेपण

ज्याच्यावर आपली माया जडलेली असते, त्याच्या कानी वाईट काही पडू नये असे वाटणे हा माणसाचा सहजधर्म आहे. आजाऱ्याच्या खोलीबाहेर आपण आवाज उतरवतो, आलेला निरोप आधी स्वतः वाचतो आणि मग हसऱ्या मुद्रेने त्याच्यासमोर जातो. यात पाप नाही. परंतु दुःखाची वार्ता आणि संकटाची वार्ता या एकाच दाराने घरात येतात. एकीसाठी लावलेली कडी दुसरीलाही लागते. आणि संकट स्वतः मात्र वार्तेच्या मागे उभे असते. त्याला कडीची अडचण नसते.

सोनवती नदीकाठच्या तासरूळ गावी वैजयंतीबाई मिराशी यांनी अशी एक कडी स्वहस्ते लावली. ती लावताना पतीच्या प्रेमावाचून दुसरे काहीही त्यांच्या मनात नव्हते, हे आरंभीच सांगून ठेवले पाहिजे.

त्यांचे पती मुकुंदराव हे सरितामापक होते. पुलाच्या तिसऱ्या खांबावर फूट-इंचांची पट्टी रंगवलेली होती. तिच्यावर टेकलेले पाणी दर तीन तासांनी वाचायचे, वहीत आकडा लिहायचा आणि आकड्याशेजारी वेळ, हे काम त्यांनी एकतीस वर्षे केले. या कामाने त्यांना एक निष्ठा दिली होती. "पाण्याकडे बघून पाणी मोजू नये," असे ते सांगत. "फेसानं डोळा फसतो. भ्यालेल्या माणसाला गुडघाभर पाणी कमरेएवढं दिसतं. पट्टी वाचावी, आकडा बघावा आणि मग काय ते बोलावं." निवृत्तीनंतरही ते नदीला खिडकीतून पाहत नसत. नेमगोंडा चौगुले हे गावचे केबलवाले. त्यांनी पुलावर पट्टीसमोर एक कॅमेरा लावला होता. त्यांच्या स्थानिक वाहिनीवर निधनवार्ता, वाढदिवस आणि हरवलेल्या म्हशी यांच्या खालून अक्षरांची एक ओळ अहोरात्र धावत असे: पाणी इतके फूट, इतके इंच, वाजले इतके. मुकुंदराव ती वाचत आणि समाधानाने मान हलवत.

गेल्या दिवाळीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी वैजयंतीबाईंना बाजूला घेऊन सांगितले, "एक तृतीयांश हृदय गेलेलं आहे. चालू देत, जेवू देत, वाचू देत. पण दचकणं नको, संताप नको. पुढचा धक्का सोसवणार नाही."

आणि मेच्या आरंभी, एका सोमवारी सकाळी सात वाजता, त्यांची 'श्रुतिरंजन' वाहिनी काळी पडली. रोजचे पुराणप्रवचन ऐकायला मुकुंदराव हात जोडून बसले होते. पडद्यावर दोन ओळी होत्या: दरासंबंधीचा वाद मिटेपर्यंत ही वाहिनी आपल्या केबलवर दिसणार नाही.

नेमगोंडा स्वतः घरी आले. गाव त्यांना नेमूअण्णा म्हणे.

"साहेब, माझ्या हातात असतं तर आत्ता लावून दिलं असतं," ते दारातच म्हणाले. "ही वाहिनी ज्यांची हाय त्या समूहवाल्यांनी एका श्रुतिरंजनच्या शेपटीला बावीस वाहिन्या बांधल्यात. ही पायजे तर त्या बी घ्या म्हणत्यात. त्यात चार कुस्तीच्या, पाच नाचाच्या, आणि एक तर जपानी भाषेतली. आपल्या घाट गल्लीत जपानी कोण हाय, तुम्हीच सांगा की!"

"मी शिकतो जपानी," मुकुंदराव म्हणाले. "पण माझं प्रवचन आणा."

"पंधरा दिवस कळ काढा. सगळे केबलवाले मिळून भांडतोय आम्ही."

"अण्णा, पंधरा दिवसांत ते महाराज समुद्रमंथन संपवून पुढं जातील. मी काय नुसतं विष पिऊन थांबू?"

हे हसत म्हटले गेले. परंतु पंधराचे पंचवीस दिवस झाले आणि हसणे संपले. रोज सात वाजता मुकुंदराव काळ्या पडद्यापुढे बसत, तावातावाने बोलत, आणि वैजयंतीबाईंच्या यंत्रावर त्यांचा रक्तदाब रोज थोडा थोडा चढत जाई. सव्विसाव्या दिवशी वैजयंतीबाईंनी केबलऐवजी इंटरनेटवरून वाहिन्या दाखवणारी 'निर्झर'ची पेटी मागवली.

घाट गल्लीत बहुतेकांकडे ती आलीच होती. हातभर लांबीची काळी पेटी, मध्यभागी मसुराएवढा एक डोळा. ती लावून माणूस निघून गेला आणि पेटी स्वतःच बोलू लागली. मुकुंदराव तेव्हा स्नानगृहात होते.

"नमस्कार, वैजयंतीताई. घरात कोणाची प्रकृती नाजूक आहे का?"

वैजयंतीबाईंनी स्नानगृहाच्या दाराकडे पाहिले. आत तांब्या वाजत होता. "आहे," त्या हळू म्हणाल्या. "ह्यांचं हृदय."

"आपल्यासाठी तीन प्रकारची प्रक्षेपणं आहेत. सर्वसाधारण, उत्कट आणि सौम्य. सौम्य प्रक्षेपणात पाहणाऱ्याच्या मनाला क्षोभ होणार नाही याची काळजी घेतली जाते. आपण कोणतं निवडाल?"

"सौम्य."

"कुटुंबातील इतरांना कल्पना द्यायची आहे का?"

कल्पना दिली असती तर मुकुंदराव काय म्हणाले असते, हे त्यांना ठाऊक होते. मला कुकुल्या बाळासारखं वागवू नका, असे म्हणून त्यांनी पेटी उचलून बाहेर ठेवली असती.

"नको," त्या म्हणाल्या.

त्या पेटीचे शास्त्र असे होते. मनुष्याचे हृदय प्रत्येक ठोक्याला रक्ताची एक लाट मुखापर्यंत पाठवते. त्या लाटेने कपाळाची आणि गालांची त्वचा अणुमात्र आरक्त होते व पुन्हा पूर्ववत होते. आपल्या दृष्टीला हा भेद दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. रुग्णाला स्पर्श न करता त्याची नाडी पाहता यावी, या सद्हेतूने ही विद्या वाढली होती. निर्झरचा तो मसुराएवढा डोळा समोर बसलेल्याच्या नाडीचे ठोके दहा फुटांवरून मोजत असे. आणि दोन ठोक्यांमधले अंतर कसे आकुंचते व प्रसरते यावरून त्याला भय वाटते आहे, करुणा दाटली आहे की केवळ कंटाळा आला आहे, हेही ताडत असे.

याला दुसरी एक विद्या जोडलेली होती. केबलच्या तारेतून जे येई ते साऱ्या गावाला एकच येई. निर्झरचा प्रवाह प्रत्येक घरासाठी वेगळा होता. त्यावरची वृत्तनिवेदिका हाडामांसाची नव्हती; तिचे प्रत्येक वाक्य त्या त्या क्षणी, त्या त्या घरासाठी जुळवले जात होते, आणि ते जुळवणाऱ्या यंत्राला आज्ञा एवढीच होती की, समोरचा माणूस उठून जाऊ नये. ज्यांना भय खिळवून ठेवते त्यांना ते भय पुरवी. ज्यांनी सौम्य निवडले होते त्यांच्या वाट्याचे भय ते अलगद काढून घेई. माणूस जितका स्थिर बसेल तितके त्याचे शुल्क उतरत जाई. म्हणूनच वाहिन्यांच्या दरांवरून गावोगावी चाललेल्या त्या भांडणात निर्झर सर्वांत स्वस्त ठरत होते आणि नेमूअण्णांच्या तारा एकेक करून भिंतींवरून उतरत होत्या.

यातले काहीही वैजयंतीबाईंना माहीत नव्हते. त्यांना एवढेच दिसले की समुद्रमंथन पुन्हा सुरू झाले, नदीचा आकडाही पडद्याच्या कोपऱ्यात दिसू लागला, आणि महिन्याभरात मुकुंदरावांचा रक्तदाब असा खाली आला की डॉक्टर म्हणाले, "काकू, तुम्ही काय जादू केलीत?"

त्यांना प्रथम भय वाटले ते जुलैतल्या एका दुपारी.

त्या एकट्याच पडद्यासमोर बसून वाल सोलत होत्या. घाटात एक बस उलटली होती आणि निवेदिका मृतांची नावे वाचत होती. तेवढ्यात मुकुंदराव चहाचा कप घेऊन आले आणि त्यांच्या शेजारी टेकले. निवेदिकेने श्वासही घेतला नाही. "...रामचंद्र भोसले, वय बावन्न, यांच्या हस्ते नाट्यगृहाच्या नूतन रंगमंचाचे उद्‌घाटन झाले," असे ती प्रसन्न मुद्रेने म्हणाली, आणि पडद्यावर फुलांच्या माळा आल्या.

वैजयंतीबाईंच्या हातातला वाल गळून पडला. जो माणूस एका क्षणापूर्वी दरीत मरून पडला होता, तो आता फीत कापत होता.

"हल्ली जगात फारसं काही घडतच नाही," मुकुंदराव चहाचा घोट घेत म्हणाले. "बरं आहे. लोक सुधारले."

दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत नेमूअण्णा भेटले, तेव्हा त्यांनी ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली. नेमूअण्णांनी त्यांना ते सारे समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, माझ्या तारेला अक्कल नव्हती. कॅमेऱ्याला जे दिसंल ते गावाला दिसायचं. ह्या पेटीला अक्कल हाय. मला अक्कलवाल्याचंच भ्या वाटतंय."

त्या घरी आल्या. मुकुंदराव झोपाळ्यावर शांत पहुडले होते. कपाळावरची ती जुनी आठी मावळली होती. कितीतरी वर्षांनी त्यांचा चेहरा लग्नातल्या फोटोतल्यासारखा दिसत होता. वैजयंतीबाई पेटीपुढे गेल्या, पेटीच्या डोळ्यात पाहिले आणि माघारी फिरल्या. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत, आणि नंतरही नाहीत.

शेजारच्या घराशी त्यांची भिंत सामाईक होती. तिथे अलका खराडे एकट्या राहत. अलकावहिनींनी हौसेने 'उत्कट' निवडले होते आणि त्यांच्या पडद्यावर सोनवती रोज पुराला आलेली असे. जुलैत त्या दोनदा ट्रंक घेऊन बहिणीकडे धावल्या, आणि दोन्ही वेळा पाणी पस्तिसाच्या वर गेले नाही. दुसऱ्या खेपेला त्या परतल्या तेव्हा मुकुंदराव ओट्यावर बसले होते.

"अलकावहिनी, पस्तीस फुटांना कुणी पळत नाही हो," ते म्हणाले. "पंचेचाळीसला पाणी आपल्या उंबऱ्याला लागतं. मी एकतीस वर्षं वाचलंय."

"माझ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस होतं!"

"मग चष्मा बदला."

गल्ली हसली. अलकावहिनींचे डोळे भरून आले. "मी खोटं बोलते का? वैजयंतीवहिनी, तुम्ही तरी सांगा."

वैजयंतीबाईंना सत्य ठाऊक होते. ते सांगायचे तर आपल्या घरातल्या पेटीचेही सांगावे लागले असते, आणि मुकुंदराव दोन पावलांवर बसले होते. त्या पदर सावरून आत गेल्या. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले.

श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी दुपारचे जेवण आटोपले होते. वरच्या खोऱ्यात चार दिवस पाऊस कोसळत होता. तासरुळात मात्र आकाश नुसतेच काळवंडलेले होते. मुकुंदराव पडद्यासमोर होते. "सोनवतीची पातळी सदतीस फूट आहे," निवेदिका सांगत होती. "नागरिकांनी निश्चिंत असावे." पूर्वी अशा वेळी नगरपालिकेची भोंग्याची गाडी गल्लीत फिरे. आता घरोघरी पडदा होता, म्हणून ती बंद झाली होती.

वैजयंतीबाई भांडी घासायला मोरीत गेल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. मोरीच्या तोंडातून पाणी जात नव्हते; येत होते. गढूळ, गार, बुडबुडत वर येत होते, आणि त्याला नदीच्या गाळाचा वास होता. भिंतीपलीकडून अलकावहिनींचा पडदा ओरडत होता: "एकोणपन्नास फूट! एकोणपन्नास!"

"अहो," त्या बाहेर येऊन शक्य तितक्या सहज स्वरात म्हणाल्या, "मोरी उलटी वाहतेय."

"गटार तुंबलं असेल."

"नदीचं पाणी वाटतंय."

"वाटून काय उपयोग?" मुकुंदराव शांतपणे म्हणाले. "सदतीसला मोरी उलटत नाही. एक्केचाळीसला उलटते. आकडा बघ ना."

त्यांनी आकडा पाहिला. पडद्याच्या कोपऱ्यात निळ्या अक्षरांत तो स्थिर होता. मग त्या "वाण्याकडे जाऊन येते," असे म्हणून निघाल्या.

पुलाकडचा रस्ता उतरणीचा होता. वाटेत पाणी घोट्याला लागले, मग पोटरीला, मग गुडघ्याला. चपला कुठे वाहून गेल्या ते त्यांना कळले नाही. पुलाच्या तोंडाशी नेमूअण्णा लोकांना मागे सारत उभे होते.

"वहिनी! तुम्ही इकडं कशाला आलासा?"

"पट्टी बघायला."

"काय बघायची? चढतंय नुसतं. तासाला एक फूट. धरणाचे सगळे दरवाजे उघडल्यात. गल्लीत सांगून आलो, तर दोन घरं सोडून कोण हलंना. टीव्हीत तसं काय न्हाई, म्हणत्यात."

वैजयंतीबाईंनी तिसऱ्या खांबाकडे पाहिले. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी मुकुंदरावांनी त्यांना ही पट्टी वाचायला शिकवली होती. लाट आदळून खाली बसेपर्यंत थांबायचे. दोन लाटांच्या मध्ये पाणी जिथे टेकते तो आकडा. त्या थांबल्या. मातकट पाण्यातून एक अख्खे झाड मुळांसकट आले, खांबावर आपटले आणि काडीसारखे मोडून गेले. त्यांचे दात वाजत होते. तरी त्यांनी आकडा वाचला आणि मनगटावरचे घड्याळ पाहिले.

परत येताना प्रत्येक पावलाला त्या एकच विचार करत होत्या. हे सांगितले तर त्यांचे हृदय थांबेल. नाही सांगितले तर पाणी येईल. तीन महिने आपण जे भय त्यांच्यापासून लपवले, ते सारे आज एकाच घासात त्यांना भरवायचे आहे. उंबऱ्याशी येऊन त्या चौकट धरून उभ्या राहिल्या.

मुकुंदरावांनी मान वळवली. गुडघ्यापर्यंत भिजलेले लुगडे, अनवाणी पाय, पांढराफटक चेहरा. "काय झालं?" ते अर्धवट उठले.

तत्क्षणी पडद्यावरची निवेदिका विरून गेली आणि तानपुरा लागला. सातच्या प्रवचनाचे महाराज दुपारी अडीच वाजता प्रकट होऊन मंद हसले. पेटीतून मऊ आवाज आला, "वैजयंतीताई, आपण अस्वस्थ दिसता. थोडा वेळ बसा. सारे काही ठीक आहे."

त्या पेटीने वैजयंतीबाईंना पाहिले होते. ती त्यांना दोघांनाही पाहत होती. आणि पाणी दारात येईपर्यंत ती त्यांना असेच बसवून ठेवणार होती, तेही मायेने, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे.

"त्रेचाळीस फूट चार इंच," त्या म्हणाल्या. "दोन वाजून दहा मिनिटं. मी स्वतः वाचलं. दोन लाटांच्या मध्ये."

"काहीतरीच. आत्ता सदतीस दाखवलं."

"केव्हाचं?"

"केव्हाचं म्हणजे?"

"सदतीस केव्हाचं? वेळ काय लिहिलीय?"

मुकुंदराव पडद्याकडे वळले. महाराजांच्या पायाशी कोपऱ्यात तो आकडा अजून होता. त्याच्या डावीकडे काही नव्हते. उजवीकडेही काही नव्हते. ते पुढे झुकले, चष्मा सारखा केला. सकाळी आठ वाजताचे सदतीस फूट होते ते. त्या वेळी अगदी खरे. पेटी खोटे बोलली नव्हती. तिने फक्त वेळ पुसली होती.

"वेळ नाही," ते पुटपुटले. "वैजू, तीन महिने मी हा आकडा वाचतोय. वेळ नाहीच त्याला. एकतीस वर्षांत मी वेळेशिवाय आकडा लिहिला नाही, आणि... मला दिसलं कसं नाही?"

"तुमचा दोष नाही. मी सांगितलं होतं पेटीला. ह्यांना सौम्य दाखव म्हणून. तुम्ही आंघोळीला गेला होतात."

"मला भीती वाटू नये म्हणून?"

"तुम्ही जगावं म्हणून."

मुकुंदरावांच्या चेहऱ्याचा रंग राखेसारखा झाला, कपाळावर घाम डवरला आणि उजवा हात छातीकडे गेला. वैजयंतीबाईंनी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली आणि मनगट धरले. नाडी पिंजऱ्यातल्या पाखरासारखी धडपडत होती. हाच तो धक्का, त्यांना वाटले. मीच दिला.

"तासाला किती?" मुकुंदरावांनी डोळे मिटूनच विचारले.

"काय?"

"चढ. तासाला किती?"

"फूट."

"वाचून किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं."

"पंचेचाळीसला उंबरा." त्यांचे ओठ हलत राहिले. "म्हणजे एक तास वीस मिनिटं. मला वरच्या शाळेचा चढ चढायला अर्धा तास लागेल. चल. औषधं घे आणि काही नको."

पेटीने पुन्हा एकदा बसायची विनंती केली. वैजयंतीबाईंनी औषधांची पिशवी उचलली.

गल्लीत पाणी ओट्याच्या पहिल्या पायरीला लागले होते. मुकुंदरावांना भिंतीशी टेकवून वैजयंतीबाई शेजारच्या दाराशी गेल्या. अलकावहिनी आत पलंगावर पाय घेऊन बसल्या होत्या.

"काय, हसायला आलात?" त्या म्हणाल्या.

"अलकावहिनी, चला. पाणी येतंय."

"मला सांगता होय? माझ्याकडं रोजच एकोणपन्नास असतंय. दोनदा पळाले, दोनदा गल्ली हसली. आता उंबरा ओलांडू दे, मग बघते."

"एकोणपन्नास नाही. त्रेचाळीस आहे. पण खरं आहे."

अलकावहिनींनी त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांच्या लुगड्याकडे. चिखलाची रेघ गुडघ्यावर होती.

"तुमचा पडदा तुम्हाला वाढवून सांगतो, माझा कमी करून," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मला माहीत होतं. त्या दिवशी तुम्ही खऱ्या होतात आणि मी गप्प बसले. भांडा माझ्याशी, हवं तेवढं भांडा. पण वर शाळेत जाऊन भांडा."

"ट्रंक घेऊ?"

"नको."

"ट्रंक बी नको म्हणता," अलकावहिनी पलंगावरून उतरल्या, "म्हणजे खरंच दिसतंय."

दोघींनी दोन बाजूंनी मुकुंदरावांना धरले. दर वीस पावलांवर ते थांबत, श्वास गोळा करत. मागे वळून पाहायचे धैर्य तिघांपैकी कोणालाही नव्हते. नदीचा आवाज मागून येत होता आणि तो आता नदीकडून येत नव्हता, गल्लीतून येत होता.

साडेतीनला ते शाळेच्या व्हरांड्यात पोहोचले. मुकुंदरावांना बाकावर निजवले. त्यांचे ओठ निळसर झाले होते. दवाखान्याची गाडी पुलापलीकडे अडकल्याचे कोणी सांगितले. वैजयंतीबाई त्यांचे मनगट बोटांत धरून बसल्या. ठोके यायचे, एखादा चुकायचा, मग दोन एकदम यायचे.

व्हरांड्यातून घाट गल्ली दिसत होती. आभाळ इतके भरून आले होते की दुपारीच सांज वाटत होती. वीज अजून गेली नव्हती. आणि त्या अंधुक उजेडात चार खिडक्या निळसर प्रकाशाने लुकलुकत होत्या. गल्लीच्या टोकाच्या घरात दोघे वृद्ध, शेजारी बाळंतीण, पलीकडे आणखी दोन घरे. ते लोक आत बसले होते. त्यांच्या पडद्यांवर या क्षणी कोणती नदी वाहत होती, हे व्हरांड्यातल्या कोणालाही सांगता आले नसते. नेमूअण्णा ट्रॅक्टर घेऊन तिकडे गेले होते. पाणी ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाच्या निम्म्यावर आले होते, आणि ते प्रत्येक दारापुढे थांबून हाका मारत असल्याचे दुरून दिसत होते. आवाज येत नव्हता.

"वैजू," मुकुंदराव म्हणाले. त्यांना पडल्या जागेवरून गल्ली दिसत नव्हती. "सगळे आले का वर?"

अलकावहिनींनी वैजयंतीबाईंकडे पाहिले आणि हळूच मान हलवली, हो म्हणा, अशी. तो एक शब्द वैजयंतीबाईंच्या जिभेवर आला. किती सोपा होता तो, किती प्रेमळ. त्यांच्या बोटांखाली नाडी अडखळत होती आणि त्या शब्दाने ती निश्चितच शांत झाली असती.

"नाही," त्या म्हणाल्या. "चार घरं अजून आत आहेत. अण्णा गेलेत. तीन वाजून अडतीस मिनिटं झालीत."

बोटांखाली नाडी उसळली. वैजयंतीबाईंनी मनगट सोडले नाही. मुकुंदरावांनी डोळे उघडले. त्यांत भय होते, उघडे, निखळ भय, आणि त्या भयात त्यांनी तीन महिन्यांत प्रथमच आपल्या पत्नीकडे पूर्ण जागेपणी पाहिले.

"मला उठवून बसव," ते म्हणाले. "बघू दे."

दोघींनी त्यांना उठवून खांबाशी बसवले. खाली, टोकाच्या घराची खिडकी अजून लुकलुकत होती, आणि नेमूअण्णा कमरेइतक्या पाण्यात उतरून त्या दारावर दोन्ही मुठींनी थापा मारत होते.

त्या थापा आत ऐकू जावोत. जे आत बसले आहेत त्यांना वेळेवर भय वाटो, आणि जे हाक मारायला गेले आहेत त्यांच्या पायांखाली भूमी राहो. ज्याचे हृदय दुबळे आहे त्याला सत्य सोसण्याचे बळ लाभो. आणि जिने ते सांगितले, तिच्या बोटांखालचा ठोका चुकत का होईना, चालत राहो.